लाल टिकली कुत्र्याची, हिरवी मांजराची

माझ्या टेबलावर एक काचेची बरणी असते. अर्धी स्पिरिटने भरलेली. कुत्र्याच्या अंगावरून काढलेला गोचीड चिमट्याने थेट तिच्यात टाकायचा. नखाने चिरडायचा नाही, खाली टाकून चपलेने तर अजिबात नाही. महिन्याभरात बरणीच्या तळाला थर साचतो, भिजत घातलेल्या चवळीसारखा. किश्श्यांचं पण तसंच आहे. शोधायला जावं लागत नाही. कुत्रं टेबलावर चढलं की तेही बरोबर चढतात. फरक एवढाच, की बरणी मी महिन्याला रिकामी करते. किस्से कुठे ओतायचे? म्हणून हे लिहायला बसले.

मी शेवंता. कोपरीतल्या जनावरांच्या दवाखान्यात चौदा वर्षं आहे. साठ वर्षांचे काकासुद्धा मला मावशी म्हणतात. मॅडम डॉक्टर. कापाकापी, शिवणं, सुया, गोळ्या हे त्यांचं. कुत्रं धरणं, मांजर विंचरणं, गोचीड आणि पिसवा काढणं, मानेवर औषधाचे थेंब टाकणं हे माझं. गोचिडाचं टेबल म्हटलं की माझंच.

शिक्षण चौथी. मराठी पेपर मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते, लग्नाच्या जाहिराती सोडत नाही. इंग्रजीचं म्हणाल तर एबीसीडी ओळखते, पण शब्द लागत नाही. कामावर लागले तेव्हा मॅडमनी विचारलेलं, "औषधांवरची नावं वाचता येतील ना?" मी म्हटलं, "हो."

ते एक "हो" मी चौदा वर्षं पोटात घेऊन फिरले. डबा रंगाने ओळखायचा, बाटली झाकणाने, आणि मानेवर टाकायच्या औषधाची नळी तिच्यावरच्या पट्टीने. हिरवी पट्टी छोट्या कुत्र्याची, निळी मोठ्या कुत्र्याची, केशरी मांजराची. डब्यावर कुत्र्या-मांजराचं चित्र असतं, पण आमच्याकडे डबा फोडून एकेक नळी देतात, आणि नळी असते करंगळीएवढी. तिच्यावर चित्र कुठून येणार?

आणि ही बारीक गोष्ट नाही. कुत्र्याच्या नळीतलं औषध मांजराच्या अंगात जिरत नाही. मांजर थरथरायला लागतं, मग फिट येते, आणि वेळेत आणलं नाही तर जातं. हे मला पहिल्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलेलं. चुकायचं नाही, आणि चुकलीस तर लगेच सांगायचं.

आता आमच्या प्रत्येक नळीवर टिकली असते. कुत्र्याला लाल, मांजराला हिरवी, मॅडम स्वतः वाचून लावतात. लोक विचारतात, मावशी हे काय, नळीला हळदीकुंकू? मी उत्तर देत नाही. उत्तर शेवटच्या किश्श्यात आहे, आणि तो किस्सा माझ्यावर आहे. आधी दुसऱ्यांचे सांगते, म्हणजे मला जरा जोर येईल.

* * *

रविवारी मॅडम डोंबिवलीला बसतात, मीही जाते. एका रविवारी सकाळी फोन आला. बाई रडत होती. म्हणे, कोकोच्या पोटावर मोठे मोठे गोचीड आहेत, दोन रांगांत बसलेत, ओढले तरी निघत नाहीत, रक्त येतंय.

दोन रांगांत? गोचीड काय कवायतीला येतात? पण रक्त म्हटल्यावर मी टेबल रिकामं केलं.

नवरा-बायको धापा टाकत आले. दोघं कॉम्प्युटरवाले. कोको म्हणजे मोठा पिवळा लॅब, नर. पोटाला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेलवर लाल डाग. बाईच्या मुठीत भुवया कोरायचा चिमटा. कोकोला आडवं केलं तर तो पोटाला हात लावू देईना. दातच दाखवले. बिचारा सकाळपासून सोसत होता. मी त्याचं डोकं काखेत घेतलं, चष्मा चढवला आणि टॉवेल बाजूला केला.

सगळे सारख्या अंतरावर. तीन इकडे, तीन तिकडे. त्यातले दोन ओरबाडून सुजलेले.

मी म्हटलं, "हे गोचीड नाहीत. ही थानं आहेत."

नवरा म्हणाला, "मावशी, तो मेल आहे."

"तुम्ही पण मेलच आहात ना? मग शर्ट काढा, दाखवते."

त्याचा हात आपोआप वरच्या बटणावर गेला. बायको आधी हसली, मग कोकोच्या गळ्यात पडून परत रडली. मॅडमनी मलम लावलं. खरा गोचीड डाव्या कानाच्या आत होता, वाटाण्याएवढा फुगलेला. तिथे कोणी बघितलंच नव्हतं.

जाताना त्यांना औषधाचा डबा हातात दिला आणि माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं. "डब्यावर लिहिलेलं असतं सगळं. वाचता येत नाही का?"

हे वाक्य लक्षात ठेवा. चौदा वर्षांत मी ते किती जणांच्या तोंडावर मारलं, त्याची मोजदाद नाही.

* * *

खारेगावची सखूबाय. यांच्या जमिनीवर आता तीन टॉवर उभे आहेत. बंगला, दोन गाड्या, हातात पाटल्या, आणि नेसणं अजून तेच, गुडघ्यापर्यंत आवळलेलं. म्हशी विकून सात वर्षं झाली. गोठा पाडला. पण गोठ्यातली एक बाटली माळ्यावर राहिली.

एका दुपारी गाडी दवाखान्याच्या दारात आडवी थांबली आणि तिच्या मुलाने राजाला दोन्ही हातांवर उचलून आणला. राजा म्हणजे काळा, वासरासारखा कुत्रा. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. अंगाचं मांस आतल्या आत फडफडत होतं, जसं उकळी फुटायच्या आधी दूध हलतं. मागे सखूबाय, हातात ती बाटली. तेवढं एक शहाणपण केलेलं.

मॅडमनी बाटली बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हशीच्या अंगावरचे गोचीड मारायचं औषध. बादलीभर पाण्यात झाकणभर टाकायचं असतं. मुलाने पाणी न घालता सरळ पाठीवर ओतलेलं.

मॅडम सुई भरेपर्यंत मी राजाला टबात घातलं. हातमोजे, साबण, पाणी, परत साबण. तो माझ्या हातात लुळा पडत चाललेला. एका क्षणी त्याने श्वास सोडला तो परत घेईचना. मी त्याच्या फासळ्यांवर थाप मारली. मग घेतला. मॅडमनी सुई दिली, दहा मिनिटांनी दुसरी. तासाभराने लाळ थांबली.

तोपर्यंत माझा राग थांबून राहिलेला. तो सगळा मी सखूबायवर काढला. म्हटलं, "बाटलीवर एवढं लिहिलंय. वाचता येत नाही का?"

सखूबाय ओल्या राजाच्या कपाळावरून हात फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हशीला पन वाचाला येत नव्हता बाय. ती नाय कवा मेली."

राजा जगला. बाटली मी ठेवून घेतली. द्यायला सखूबाय तयार नव्हती, म्हणाली, परत म्हशी घेतल्या तर?

* * *

एक छोटासा. कळव्याचे एक गृहस्थ गोचीड उदबत्तीने चटका देऊन काढायचे. चटका दिला की तो आपोआप सुटतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. गोचीड सुटला. कुत्रंही सुटलं. ते पेटलेल्या केसांनिशी दिवाणाखाली शिरलं. दिवाणाखाली वर्षभराची रद्दी.

मी विचारलं, "आग विझवली कोणी?"

"शेजाऱ्यांनी."

"आणि कुत्रं?"

"ते आता शेजाऱ्यांकडेच राहतं."

* * *

कल्याणच्या एका सोसायटीत गोचीड जिन्याच्या भिंती चढायला लागले. हे खरं असतं. घरात वाढणारा गोचीड भिंत चढतो, छताच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. लहान मुलाच्या मानेवर एक सापडला आणि मीटिंग बसली. सेक्रेटरी निवृत्त साहेब. त्यांनी ठराव आणला, की गेटवरचा भुऱ्या हलवायचा. भुऱ्या म्हणजे रस्त्याचा कुत्रा, नऊ वर्षं त्याच गेटवर, दात पडलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला दुसरीकडे सोडला तर तो चार दिवस काढणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

तळमजल्यावरच्या एका बाईंनी मॅडमना फोन केला, मॅडमनी मला पाठवलं. मी गेटवरच बसले. सगळ्या सभासदांसमोर भुऱ्याला विंचरला. कान, बोटांच्या फटी, शेपटीखाली, सगळं. अर्ध्या तासात निघाले दोन.

म्हटलं, "दोन गोचीड चार मजले चढून गेले का? घरातले कुत्रे खाली आणा."

तीन आले. पहिले दोन स्वच्छ. तिसरी सेक्रेटरी साहेबांची पांढरी, केसाळ पॉमेरियन, नाव ब्युटी. ब्युटीच्या कानात मी कापूस घातला तर कापसाला धरूनच चार बाहेर आले. साहेब तावातावाने म्हणाले, तिला तर गोचिडाचा पट्टा आहे, सगळ्यात चांगला आणलाय.

"मग गळ्यात का नाही?"

साहेबांनी समजावून सांगितलं, मला काही कळत नसल्यासारखं. पट्टा आठ महिने चालतो. गळ्यात ठेवला तर आठच. म्हणून ते फक्त सकाळी फिरायला नेताना घालतात, मग काढून हवाबंद डब्यात. असा तो सहज तीन-चार वर्षं पुरेल.

मी म्हटलं, "त्यावर लिहिलेलं वाचता येत नाही का?"

"वाचलं म्हणूनच तर कळलं, आठ महिने चालतो ते."

ठराव मागे घेतला गेला. भुऱ्या गेटवर आहे. आता त्याला पण पट्टा आहे, आणि तो चोवीस तास गळ्यात असतो, कारण त्याच्याकडे डबा नाही.

* * *

आता फिलोमिना आंटी. हिला नीट ओळखून ठेवा.

माजिवड्याच्या जुन्या गावठाणात राहते. ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. नवरा गेला, मुलगा जहाजावर, घरात ती, सून आणि बोंबील. बोंबील हे मांजर. पांढरं, लांबुडकं, हाडांचा पत्ता नाही असं वाकणारं. नाव अगदी बरोबर. मुलगा दर वेळी फोनवर आईच्या आधी बोंबलाची चौकशी करतो, असं ती कौतुकाने सांगते.

पहिल्यांदा आली तेव्हा टोपलीचं झाकण उघडताच अख्ख्या दवाखान्यात वास सुटला. लग्नातल्या शालूंची ट्रंक उघडावी तसा. बोंबलाच्या गळ्यात मलमलची पुरचुंडी, आणि तिच्यात डांबराच्या गोळ्या. कपड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवतात त्या. आंटीचं म्हणणं, कसर पळते तर पिसवा का नाही पळणार? पिसवा होत्या तिथेच होत्या. बोंबील मात्र दोन दिवस जेवलेला नव्हता, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या.

डांबरगोळी मांजराला विष. मॅडमनी त्याला दोन दिवस ठेवून घेतला, सलाइन लावलं. दोन दिवस आंटी सकाळी यायची, पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसायची, ओठ हलत असायचे, हातात जपमाळ. तिसऱ्या दिवशी बोंबलाने मासा हुंगला.

घेऊन जाताना मी तिला सोडली नाही. भर दवाखान्यात, दहा माणसांसमोर म्हटलं, "आंटी, पाकिटावर लिहिलेलं असतं, प्राण्यांपासून लांब ठेवा म्हणून. वाचता येत नाही का? यापुढे त्याच्या अंगाला काहीही लावायचं तर आधी वाचायचं, मग लावायचं. कळलं?"

ती खाली मान घालून म्हणाली, "बरा." टोपली उचलून गेली.

* * *

यानंतरचा किस्सा हसण्यासारखा नाही. पण बरणीत सगळेच पडतात.

कळव्याचे एक सिक्युरिटी गार्ड, म्हात्रे दादा. एकटा माणूस. त्यांची कुत्री लक्ष्मी, रस्त्यावरून आणलेली. रात्रपाळी करून ते आले की दोघं एकाच ताटात जेवायची. लक्ष्मी देवघरासमोर झोपायची. म्हणून दादा तिला रोज अंघोळ घालायचे. रोज. औषधाचे थेंब माझ्याकडून घेऊन जायचे, नेमाने टाकायचे, आणि त्याच संध्याकाळी साबणाने धुऊन काढायचे, कारण विषारी वस्तू देवासमोर नको.

ती आली तेव्हा नाकातून रक्त येत होतं. गोचिडाचा ताप. रक्त गोठवणाऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. मॅडमनी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त मिळवायला सगळीकडे फोन लावले. दादा एकच सांगत होते, महिन्याभरात एकच गोचीड दिसला हो, एकच. मी म्हटलं, एकच पुरतो. आणि अंघोळीचं कळल्यावर ते वाक्यही म्हटलं. मरणाऱ्या कुत्रीच्या डोक्याशी उभं राहून म्हटलं. थेंब टाकल्यावर दोन दिवस पाणी लावायचं नाही, डब्यावर लिहिलंय, वाचता येत नाही का?

दादा तिच्या नाकावरचं रक्त पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मी गेली.

पंधरा दिवसांनी ते परत आले. इस्त्रीचा शर्ट. लक्ष्मीचा पट्टा आणि उरलेलं औषध घेऊन, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून. वस्तू टेबलावर ठेवल्या आणि तिथेच उभे राहिले. मग हळूच विचारलं, "मावशी, ते अंघोळीचं कुठे लिहिलंय, जरा दाखवाल? मी सगळा डबा वाचला. मला सापडलं नाही."

मी डबा हातात घेतला. फिरवला. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. बारीक मुंग्यांसारखी अक्षरं. त्यात ते होतं का नव्हतं, मला आज पण माहीत नाही. मला ते मॅडमनी तोंडी सांगितलेलं.

मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्या गळ्यात लटकत होता. दादांनी तो बघितला. मग म्हणाले, "असू द्या," आणि गेले.

* * *

त्यानंतर मी ते वाक्य कमी बोलले, असं मला लिहायला आवडलं असतं. खरं ते लिहिते. मी तेच वाक्य जास्त जोरात बोलायला लागले.

महिना झाला असेल. एका सकाळी औषधांचा नवीन माल आला. मॅडमना दुपारपर्यंत लागोपाठ ऑपरेशनं होती, म्हणून त्यांनी घाईत डबे फोडून नळ्या स्वतःच खणात ओतल्या. खणाला मधे फळी. डावीकडे कुत्र्याच्या, उजवीकडे मांजराच्या. मी झाडलोट करून आले आणि खण उघडून बघते तर उजवीकडे रिकामं आणि डावीकडे केशरी पट्टीच्या नळ्या. केशरी म्हणजे मांजर. मी मनात म्हटलं, वाह मॅडम, एवढं शिकून कुत्र्याच्या खणात मांजराचं औषध. सगळ्या केशरी नळ्या उचलून मी उजवीकडे टाकल्या. एकेक, नीट, रांगेत.

साडेअकराला फिलोमिना आंटी आली. एकटीच. बोंबलाचा दुसऱ्या महिन्याचा डोस होता, पण टोपली बघून तो कपाटाखाली शिरलेला. मी उजव्या खणातून नळी काढून दिली. मानेवर, केस बाजूला करून, कातडीवर, एवढं सांगितलं. ती नळी रुमालात बांधून गेली.

दीड वाजता मी रिकामे डबे कचऱ्यात टाकायला घेतले. वरच्याच डब्यावर केशरी पट्टी. आणि पट्टीच्या वर चित्र.

बसलेलं कुत्रं.

मी डबा उलटा केला. आत एक नळी अडकून राहिलेली. केशरी. कंपनीने छोट्या कुत्र्याच्या नळीचा रंग बदललेला. मॅडमनी वाचून बरोबर खणात टाकलेल्या, आणि मी त्या निवडून, रांगेत लावून, मांजराच्या खणात ठेवलेल्या.

दोन तास झालेले. आंटीला फोन लावला. वाजत राहिला. तिचा फोन घरात एका वेताच्या पेटीत बंद असतो, वाजला तरी तिला ऐकू येत नाही, मला माहीत होतं. परत लावला. सुनेचा नंबर नव्हता.

दोन वाटा होत्या. गुपचूप रिक्षा पकडून जायचं, नाहीतर मॅडमना सांगायचं. मी चपला घातल्यासुद्धा. मग डोळ्यासमोर स्टुलावरची आंटी आली, ओठ हलवणारी. बोंबील थरथरत असला तर मी तिथे जाऊन करणार काय?

ऑपरेशनच्या खोलीचं दार ढकललं. मॅडमचे दोन्ही हात कुत्रीच्या पोटात.

"मॅडम, चूक झालीय."

"थांब."

"थांबता येणार नाही. फिलोमिना आंटीला मांजराची म्हणून कुत्र्याची नळी दिली मी."

त्यांनी मान वर केली नाही. टाका घालत राहिल्या. "नळीवर स्पष्ट लिहिलेलं असतं."

"मला इंग्रजी वाचता येत नाही."

चौदा वर्षांचं "हो" असं एका वाक्यात बाहेर पडलं. चिमट्यांचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

"तिने लावली का?"

"माहीत नाही. फोन उचलत नाही."

"जा. लावली असेल तर भांड्याच्या साबणाने धू. कोमट पाणी, गरम नाही. कोरडा कर, गुंडाळ, घेऊन ये. मी तयारी ठेवते." मग, मी दारातून वळल्यावर, "बाकीचं परत आल्यावर."

रिक्षा कोपरीच्या पुलावर अडकली. पुढे बस, मागे टेम्पो. रिक्षावाला विचारतो, मावशी, कोण सिरियस आहे? मी म्हटलं, बोंबील. त्याने आरशातून एकदा बघितलं आणि हॉर्न दाबला. तीन हात नाक्याला सिग्नल लागला. मी फोन लावतच होते. बॅगेत साबणाची वडी. डोक्यात सारखं तेच, मानेवर, केस बाजूला करून, कातडीवर. किती नीट समजावून सांगितलेलं मी.

माजिवड्याला क्रॉसपाशी उतरून गल्लीतून पळाले. वयाप्रमाणे जेवढं पळता येतं तेवढं. आंटीच्या घराचं दार उघडं. ती उंबऱ्यात सूप घेऊन सुकट निवडत बसलेली.

मला श्वास घेता येत नव्हता. म्हटलं, "नळी."

"आगो, काय झाला तुला? पानी घे."

"नळी कुठाय? लावली?"

तिने सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत उठली, आत गेली. भिंतीवर मेरीची मूर्ती, पुढे मेणबत्ती, आणि मेणबत्तीशेजारी रुमाल. गाठ जशीच्या तशी. तिने ती सोडली आणि नळी माझ्या तळहातावर ठेवली. बंद. टोक न मोडलेलं.

मॅडमना फोन करून एवढंच सांगितलं, लावलेली नाही. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

ती म्हणाली, "नाय लावली. त्या रोजाला तू ओरडलेलीस ना सगल्यांसमोर? वाचल्याबिगर लावाचा नाय. मना कुठं इंग्लिश वाचाला येतं. सून सहाला येल कामावरशी, ती वाचल, मंग लावनार." माझ्या शेजारी बसत तिने सूप परत मांडीवर घेतलं. "पन बरा झाला तू आयलीस. आता तूच वाच नी."

बोंबील कपाटाखालून बाहेर आला. आमच्या दोघींच्या मधे बसून मागच्या पायाने कान खाजवायला लागला.

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. नळी उजेडात धरली.

"वाच," ती म्हणाली.

मी चष्मा काढला. म्हटलं, "आंटी, जरा सरक. सून येईपर्यंत मी पण बसते."